फळीवरचं मशीन

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, आणि अण्णांना खास मोठ्या आवाजातला नमस्कार, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. फोनवर त्यांचं "काय? काय म्हणालीस?" आणि माझं घसा फोडून ओरडणं सुरू झालं की ऑफिसातले लोक माना वळवून बघतात. त्यापेक्षा पत्र बरं. वहिनी सांगत होती, अण्णा माझी पत्रं तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात. दाखवू देत की! तुझ्याबद्दल काही वाईट लिहायचं असलं तर मी वेगळा कागद घेईन.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारख्याच चार ओळी, त्यातल्या तीन माझ्या कंपनीला शिव्या. चौथीत बाईंची खुशाली. आपल्या बाईंना आता ऑक्सिजनच्या मशीनशिवाय घटकाभरही राहवत नाही हे वाचून कसंतरी झालं. वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा श्वास रोखून बसायची, त्या बाई! तुला त्यांनी पट्ट्या दिल्या आणि मला पहिला नंबर, यावरून तू अजून माझ्यावर खार खातोस, तरी सेवा तूच करतोयस. त्यांच्या गल्लीत वीज कधीही जाते म्हणून तू त्यांच्या मशीनला बाहेरून बॅटरी जोडून दिलीस, ही तुझी करामत मी इथे आमच्या इंजिनिअरला सांगितली. तो म्हणाला, "असं करायचं नसतं." मी म्हटलं, "पण चालतंय ना?"

आता माझी बातमी. मला बढती मिळाली! सरकारने नवा नियम केलाय. जी कंपनी विजेवर चालणाऱ्या वस्तू विकते, तिनेच लोकांकडची जुनी, बिघडलेली यंत्रं परत गोळा करायची आणि त्यांची नीट विल्हेवाट लावायची. किती गोळा केलं ते वजनावर मोजतात. वजन कमी पडलं तर दंड, आणि वरून विक्रीला टाळं. आम्ही आजवर लाखो मशीनं विकली आणि ती पुढे कुठल्या उकिरड्यावर गेली याची चौकशीही केली नाही. आता सगळ्यांची पाचावर धारण बसलीय. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "हे काम तुमच्यासारख्या चिकाटीच्या माणसाचं." म्हणजे बाकी कुणी हात लावायला तयार नव्हतं. तर मी आता परतावा विभागाची प्रमुख.

मी कामाला लागले बरं का, नुसती खुर्ची उबवली नाही. दुसऱ्या कंपन्या काय करतात ते जाऊन बघून आले. एक कंपनी आपल्या वस्तू डिंकाने चिकटवायच्या ऐवजी स्क्रूने जोडायला लागलीय, म्हणजे कुणालाही उघडता याव्यात. एक कंपनी दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवते, शिकवते, आणि त्यांनी दुरुस्त केलेला माल आपल्या हिशेबात धरते. तिसरी काहीच करत नाही. दुसऱ्या कुणीतरी भंगार गोळा केल्याचे कागद विकत घेते आणि आपल्या नावावर दाखवते. उपास दुसऱ्याने करायचा आणि पुण्य हिला. मी साहेबांपुढे हे सगळं मांडलं आणि दुरुस्तीवाल्यांचा मार्ग सगळ्यात वर ठेवला. कुणाची आठवण ठेवून ते तू ओळख.

साहेबांना आम्ही पाठीमागे साखरसाहेब म्हणतो. कितीही कडू गोळी असू दे, गोड बोलून देतील. म्हणाले, "छान, फारच छान अभ्यास केलात. पण लोकांनी जुनंच दुरुस्त करून वापरलं तर आपण नवं विकायचं कुणाला?" मग ठरलं असं, की जुनं मशीन द्या आणि नव्यावर सूट घ्या. जुनं आलं की लगेच चुरा. चुरा केला की ते पुन्हा बाजारात यायची भीती नाही आणि वजनाला वजन. आमच्या भंगाराच्या यार्डातल्या चुरा करायच्या मशीनला आमचे कामगार सासूबाई म्हणतात. दिवसभर कुरकुर, आणि तोंडात कितीही घाला, समाधान म्हणून नाही.

तू बाईंच्या मशीनसाठी आतला सर्किट बोर्ड मागितला आहेस. ते मॉडेल आम्ही बंद केलंय, सुटे भाग येत नाहीत, हे खरं. आणि आमच्या यार्डात तेच बोर्ड रोज चुऱ्यात जातात, हेही खरं. तुझा राग मला कळतो. पण यार्डातून स्क्रूसुद्धा बाहेर न्यायचा नाही असा नियम आहे आणि तो मीच केलाय. त्याचं बघते काहीतरी. तोवर तू तुझं डोकं चालव, तुझ्याकडे कुठल्या तरी डब्यात बोर्ड निघेलच. आणि नवं मॉडेल बाहेरच्या बॅटरीवर चालत नाही असं तू लिहिलंयस, ते मला नाही पटत. तुला जुनं ते सगळंच सोनं वाटतं.

माझी खरी पंचाईत वेगळीच आहे. महिनाअखेरीला सरकारी तपासनीस काट्यावर वजन बघायला येणार आणि आमचं वजन काही भरत नाही. लोक जुनं मशीन द्यायलाच तयार नाहीत. माळ्यावर टाकतील, त्यावर गाद्या रचतील, पण देणार नाहीत. तुझ्या दुकानातला नुसता बाकाखालचा पसारा उचलला तरी माझा काटा हलेल! अण्णा, वाचताय ना? लेकीच्या अब्रूचा प्रश्न आहे. आमची गाडी तुमच्या भागातही येणार आहे. ड्रायव्हर भला माणूस आहे, त्याला चहा पाजा.

वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, बादल्या दादाला उचलायला लाव.

तुझी,
ठकी


३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. फोनवर तू जे बोललास ते मी मनावर घेतलेलं नाही. रागाच्या भरात माणूस बोलतो. त्यानंतर तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.

झालं ते फार वाईट झालं. तू माल आणायला बाहेरगावी गेलेला, दुकानात अण्णा एकटे, आणि नेमकी तेव्हाच आमची गाडी यायची! बाकाखालचं भंगार दिलं ते ठीकच. पण फळीवर ओळीने लावलेली, दुरुस्त होऊन मालकांची वाट बघणारी मशीनंही गेली. त्यात बाईंचंही. कुठून कुठून शोधून तू त्याला बोर्ड मिळवलास, बसवलास, दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होतास. तू परत आलास तर फळी रिकामी. तू मला फोन केलास तोवर सगळं सासूबाईंच्या पोटात गेलं होतं. मी तरी काय करणार होते?

तू विचारलंस, चालू मशीनं आहेत हे यार्डात कुणाला कळलं कसं नाही. अरे, दिवसभर गाड्या येतात, रिकाम्या होतात, जातात. मी काही सारखी तिथे उभी नसते. माल सरकत्या पट्ट्यावर चढला की एकामागून एक आत जातो. चालू आहे की बंद, हे बघायची आमच्याकडे पद्धतच नाही. बघायला हवं, हे मला मान्य आहे. मी तसं साहेबांच्या कानावर घालणार आहे.

बाईंना हॉस्पिटलात ठेवावं लागलं हे वहिनीकडून कळलं. तू तात्पुरतं दिलेलं जुनं मशीन कमजोर होतं, त्यावर त्यांचं भागलं नाही. पण एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. तिथे सगळी सोय असते, डॉक्टर हाताशी असतात, घरी एकट्या होत्या त्यापेक्षा चांगलंच. मी माझ्या खर्चाने त्यांच्यासाठी आमचं नवं मॉडेल पाठवलंय. अगदी वरचं. आवाज कमी, पडद्यावर सगळं दिसतं. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सवलतीची कूपनं पाठवते. त्यांना सांग की कंपनी काळजी घेतेय.

आणि एक, अण्णांना जास्त बोलू नकोस. भाबडेपणाने केलं त्यांनी. माझं पत्र वाचलं आणि लेकीला मदत करायची म्हणून दिलं सगळं उचलून. वयोमानाने होतं असं. विसरायला होतं, काय कुणाचं ते लक्षात राहत नाही. खरं सांगू का, दुकानाची किल्ली तू त्यांच्याकडे ठेवतोसच कशाला? त्यांना आता घरी आराम करू दे. त्यांच्याही दृष्टीने ते बरं.

इकडे वजन भरलं. तपासनिसांनी काटा बघितला, मान डोलावली, सही केली. साखरसाहेबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मी नाही खाल्लं. घसा जरा खराब आहे.

बाईंना भेटायला गेलास तर माझा नमस्कार सांग. नाहीतर राहू दे. मीच येईन कधीतरी.

वहिनीला आणि अण्णांना नमस्कार.

तुझी,
ठकी


२१ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तर तिच्यावर चिडू नकोस. तिने सगळं सांगितलं.

नवं मशीन आलं. तू खोकं उघडलंस, बाईंच्या बॅटरीला जोडून बघितलंस, आणि पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली की कंपनीचीच बॅटरी लावा. तशी बॅटरी आम्ही अजून बनवतच नाही. तू मला हेच लिहिलं होतंस. वीज गेली की बाईंच्या घरी ते मशीन म्हणजे नुसतं टेबल. डॉक्टर म्हणतात, या भरवशावर घरी सोडता येणार नाही. आणि बाई रोज तुला विचारतात, "माझं मशीन झालं का रे?" आणि तू म्हणतोस, "होतंय, बाई." वहिनी हे सांगताना रडत होती. तू बाईंशी खोटं बोलतोयस! पट्ट्या खाऊनही कधी बोलला नव्हतास.

मग ती अण्णांबद्दल बोलली. किल्ली तू काढून घेतलीस. ते सकाळी तुझ्याबरोबर येतात आणि दुकानाच्या पायरीवर बसतात, आत येत नाहीत. ज्यांची मशीनं गेली त्यातला एक जण येऊन त्यांच्या तोंडावर म्हणाला, "म्हातारं माणूस दुकानात ठेवलं की असंच व्हायचं." अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना ते बरोबर ऐकू गेलं. आणि वहिनी म्हणाली, ते आता घरात काहीही करायच्या आधी विचारतात. दिवा लावू का, विचारतात. स्वतःच्या घरात. ज्या माणसाने आयुष्यभर दुकान चालवलं आणि तुला हातात स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं, तो माणूस विचारतो की दिवा लावू का.

दादा, अण्णा काही विसरले नव्हते.

त्यांनी मला फोन केला होता. गाडी तुझ्या दुकानासमोर उभी होती तेव्हा. मी यार्डातच होते. तपासनीस येऊन बसले होते, काटा थोडक्यासाठी अडला होता आणि साखरसाहेब दर थोड्या वेळाने येऊन हसून जात होते. अण्णा म्हणाले, "बाकाखालचं सगळं दिलं गं. तुझं भरतंय का?" मी ओरडले, "नाही भरत, अण्णा!" मग ते म्हणाले, "फळीवर आहेत, पण ती लोकांची आहेत. एक तर आपल्या बाईंचं आहे. ती नाही देता येणार." इतकं स्वच्छ म्हणाले. त्यांना सगळं ठाऊक होतं, कुठलं कुणाचं.

मी म्हटलं, "द्या." ते म्हणाले, "अगं, पण दादा?" मी म्हटलं, "दादाला मी सांगते. बाईंना नवंकोरं मशीन पाठवते, बाकीच्यांनाही देते. उलट त्यांचा फायदाच आहे. द्या तुम्ही." मग म्हणाले, "तू म्हणतेस तर देतो. तुला जास्त कळतं."

गाडी आली. मी पट्ट्याजवळ उभी होते. तुझी मशीनं मी ओळखली, त्यात काय ओळखायचं? प्रत्येकाच्या वायरला तू गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधतोस आणि धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिक घालतोस. आमच्याकडे येणारी मशीनं कशी असतात, फुटकी, कोळिष्टकांनी भरलेली. तुझी अशी अंघोळ घालून बसवलेल्या मुलांसारखी होती. पट्ट्यावरचा कामगारसुद्धा थांबला. म्हणाला, "मॅडम, ही चुकून आलीत वाटतं." मी म्हटलं, "नाही. घ्या." बाईंचं नाव तुझ्या अक्षरात होतं. मी वाचलं ते. मग ते आत गेलं.

मला वाटलं होतं की नवं मशीन पाठवलं की सगळं बरोबर होईल, उलट बाई खूश होतील. हे मी स्वतःला पटवलं होतं. पण हेही तितकंसं वाईट नाही, दादा. चुकलं माझं, घाईत चुकलं, असं म्हणून तुझ्यासमोर उभं राहता आलं असतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि मी त्या खाल्ल्या असत्या. पुढचं ऐक.

तू माझ्यावर ओरडून फोन ठेवलास, त्यानंतर थोड्या वेळाने अण्णांचा फोन आला. हळू आवाजात बोलत होते, बहुतेक तू आत होतास. म्हणाले, "मी त्याला सांगितलंय की माझ्याच मनाने दिली. तू काही बोलू नकोस. तुझी नवी जागा आहे, नाव खराब व्हायचं. माझं काय, म्हाताऱ्याला सगळे माफ करतात." मी म्हटलं, "अण्णा, नको." एकदाच म्हटलं. आणि ते मी ओरडून नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलंच नसणार, हे मला माहीत होतं.

मला बरं वाटलं, दादा. तुझ्यापासून लपवायचं होतं ते हे. त्यांनी ते सगळं स्वतःवर घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी बसून तुला ते पत्र लिहिलं. वयोमानाने होतं, विसरायला होतं, किल्ली काढून घे. लाज कशी वाटली नाही मला? तुझ्या हातून मी त्यांना पायरीवर बसवलं. तू तर माझं ऐकलंस फक्त.

आता इथलं. मागच्या आठवड्यात साखरसाहेबांनी दुसऱ्या कंपन्यांची माणसं बोलावली होती, आमचं यार्ड दाखवायला. नियम आल्यावर कंपनीने कसं वागावं याचा नमुना म्हणून. तपासनीसही होते. मला बोलायचं होतं, भिंतीवर चित्रं दाखवून. मी सुरुवात ठीक केली. वजनाच्या आकड्यापाशी आले आणि तोंडातून निघालं की यातली काही मशीनं चालू होती, लोकांची होती, आणि ती चुऱ्यात घालायला मी सांगितलं. बाईंचं सांगायला गेले तर नुसता मॉडेलचा नंबरच सांगत राहिले. धड काही बोलले नाही बघ. तेवढ्यात कॉफी आली आणि निम्म्या लोकांना वाटलं, हे संपलं.

तपासनिसांनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर साखरसाहेबांना विचारलं, "चुराच करा असं आमच्या नियमात कुठे लिहिलंय? दुरुस्त करून पुन्हा वापरात दिलं तर तेही धरतो आम्ही." साखरसाहेब म्हणाले, "अगदी बरोबर. तो विचार आमच्याकडे चालूच आहे." कुठला चालूय? मी मांडला तेव्हा तिथल्या तिथे मोडीत काढला होता त्यांनी. नंतर मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुम्ही फार थकलाय. घरी थोडा आराम करा. आम्ही कळवू." इतकं गोड की बाहेर आल्यावर मला कळलं, आपल्याला काढलंय.

मी अशी काही शूर नाही, दादा, हे वाचून तसं वाटून घेऊ नकोस. ठरवून बोलले नव्हते. आणि त्याने बाईंचं काही झालंही नाही. चौकशी होईपर्यंत तपासनिसांनी चुऱ्याचं मशीन बंद केलंय आणि यार्डाला कुलूप लावलंय. आत बाईंच्याच मॉडेलची मशीनं आहेत, मी बघितली आहेत, त्यातल्या एकाचा तरी बोर्ड चांगला असणारच. इतके दिवस ती मिळाली नाहीत कारण चुरा होत होता, आणि आता मिळत नाहीत कारण चुरा थांबलाय! मी तपासनिसांना गाठून विचारलं, एक मशीन बाहेर देता येईल का, माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे. भले वाटतात. पण म्हणाले, "बघतो काहीतरी." मीही तुला हेच म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे. तरी मी रोज त्यांच्या दारात जाऊन बसते आहे. आज चौकीदाराने मला विचारलं, तुम्ही इथे नोकरीला आहात का.

त्यांनी हो म्हटलं तर मशीन घेऊन येईन. नाही म्हटलं तरी येते आहे. बाईंना मी स्वतः सांगणार आहे की त्यांचं मशीन होणार नाही आणि का होणार नाही. तू आता "होतंय" म्हणू नकोस त्यांना. काय म्हणायच्या त्या मला म्हणू देत. ज्यांची मशीनं गेली त्या प्रत्येकाच्या घरी जाईन. तू बरोबर येऊ नकोस. फक्त पत्ते दे.

अण्णांशी बोलायचं आहे ते मात्र मला जमेल की नाही, माहीत नाही. मला ठाऊक आहे काय होईल. मी दारात येईन, तू कपाळाला आठ्या घालून उभा असशील, आणि तुझ्या पाठीमागून अण्णा मला डोळ्यांनी खुणावतील की गप्प बस. लहानपणी काचेचा दिवा मी फोडला आणि आईचा मार तू खाल्लास, तेव्हा त्यांनी मला खुणावलं होतं ना, तसं. आणि मी गप्प बसेन, दादा. पोहे खाईन, वहिनीची कंबर विचारीन आणि गप्प बसेन. मी मला ओळखते.

म्हणून हे पत्र आज पेटीत टाकते आणि चार-पाच दिवसांनी निघते. मी पोचायच्या आधी हे तुझ्या हातात पडलेलं असेल. मग मला परत घेता येणार नाही.

अण्णांची मुलगी